टूरिस्ट व्हिसावर नोकरी?

संपादक महोदय,

माझा भाचा दहावी नापास. म्हापशातल्या एका एजंटाने त्याला दुबईत हॉटेलात काम लावून देतो म्हणून दीड लाख मागितले. पावती नाही, करारपत्र नाही. हातात आला तो तीस दिवसांचा टूरिस्ट व्हिसा. ‘तिथे गेल्यावर बदलून मिळतो’ म्हणे! बहिणीने पाटल्या मोडायला काढल्या होत्या, म्हणून मी मध्ये पडलो.

दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट सहसा ‘ईसीआर’ असतो, म्हणजे नोकरीसाठी ठराविक देशांत जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक. अमिरात, कतार, ओमानसह 18 देशांत नोकरीला जाताना अशांना सरकारची उत्प्रवासन मंजुरी, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची परवानगी, लागते. ती घेताना करार तपासला जातो, दहा लाखांचा विमाही उतरवला जातो. टूरिस्ट व्हिसावर गेलेल्याला यातले काहीच नाही. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. एजंटाची नोंदणी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळते. आमच्या एजंटाचे नाव तिथे नव्हते.

मुलांनी जाऊच नये असे नाही; आमच्या गावातली निम्मी घरे आखाती पैशांवरच उभी आहेत. पण ही माहिती पंचायतीच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? तिथे अजून गेल्या जत्रेचे पोस्टर आहे.

– एक वाचक, पेडणे