प्लांट ऑपरेटर व्हायचंय? आधी सर्टिफिकेटवर सही कुणाची ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आमच्या कळंब्याच्या बाजूला दोन गोष्टी हमखास होतात. अर्ज ऑनलाइन झाले तरी आयटीआयच्या फाटकावर पालकांची गर्दी होते आणि रस्त्यावरच्या खांबांना फ्लेक्स लागतात : 'तीन महिन्यांत प्लांट ऑपरेटर व्हा, नोकरीची हमी.' वर्तमानपत्रांच्या करिअर पानांवर नीट, इंजिनिअरिंग, स्पर्धा परीक्षा सगळं असतं, पण दहावीला साठ-पासष्ट टक्के पडलेल्या पोरानं या फ्लेक्सवर विश्वास ठेवावा की नाही, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

मी जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला नोकरी केली. बॉयलरचा जाळ सांभाळणारा फायरमन म्हणून चिकटलो, फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट होऊन निवृत्त झालो. आता गल्लीतली पोरं येतात, 'काका, प्लांट ऑपरेटरचं कसं काय?' मी उलट विचारतो, 'कसला प्लांट?' तिथंच गाडी अडते. साखर कारखान्यात बॉयलर, टर्बाइन, रस आटवणारा इव्हॅपोरेटर, साखरेचा दाणा पाडणारा पॅन हे सगळं वेगवेगळी माणसं चालवतात. डिस्टिलरीचा ऑपरेटर निराळा. दूध संघात अमोनियाचे कॉम्प्रेसर आणि पावडर प्लांट. घाट उतरून लोटे परशुराम किंवा महाडला गेलं तर तिथं केमिकलचे रिअ‍ॅक्टर. पगार, धोका, पाळ्या, घरापासूनचं अंतर, यातलं काहीच एकसारखं नाही. साखरेत सीझन-ऑफ सीझनचं रडगाणं आहे, केमिकलला बारमाही काम आहे पण वास आणि जोखीम आहे. हे आधी ठरवायचं, मग कोर्स.

दहावीनंतर सरळ या कामाकडं नेणारा आयटीआयचा ट्रेड म्हणजे 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट', पोरांच्या भाषेत एओसीपी. दोन वर्षांचा आहे. दहावीला विज्ञान आणि गणित लागतं. पंप, व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजर, डिस्टिलेशन, शिवाय दाब, तापमान, पातळी मोजायची उपकरणं हे सगळं त्यात हाताखालून जातं. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयला नसतो, त्यामुळं पर्याय भरताना मित्रानं भरलं म्हणून भरू नका, यादी बघा. नाही मिळाला तर आभाळ कोसळत नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन होऊन पुढं ऑपरेटर झालेली माणसं माझ्या पाळीत होती, आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेला तर कंट्रोल रूममध्ये इतरांच्या पुढंच असायचा. दोन वर्षांचा आयटीआय केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. साखरेतच राहायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांनी तिथल्या साखर आणि अल्कोहोलच्या अभ्यासक्रमांची चौकशी जरूर करावी.

आयटीआयनंतरची अ‍ॅप्रेंटिसशिप मात्र टाळू नका. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची ही सोय आहे. विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात पडतं. फ्लेक्सवाल्या कोर्समध्ये यातलं काय मिळतं? आमच्या शेजारच्या एका पोरानं म्हैस विकून फी भरली. वर्गात प्रोजेक्टरवर प्लांट दाखवला, थर्माकोलचा बॉयलर दाखवला आणि त्याच क्लासच्या शिक्क्याचं सर्टिफिकेट दिलं. मुलाखतीला साहेबानं ते उलटं करून मागं काही छापलंय का बघितलं आणि परत दिलं. फी भरण्याआधी एवढंच विचारा : सर्टिफिकेटवर सही कुणाची, आणि चालू प्लांटवर उभं किती महिने करणार?

बॉयलरचं तर आणखी वेगळं आहे. तिथं कायदाच सांगतो की सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्याशिवाय बॉयलर चालवायचा नाही. अटेंडंटचे सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास असे दोन वर्ग, त्यावर डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर. परीक्षा सरकारी, तोंडीसुद्धा होते. कारखान्याच्या संचालकाची चिठ्ठी पोराला कामाला लावते, पण परीक्षकापुढं चिठ्ठी चालत नाही.

आणि परीक्षेला बसायला लागतो अनुभव, तोही कागदावर. खरी गोम इथं आहे. आज जिल्ह्यातली किती तरी पोरं लेबर कंत्राटदाराच्या हजेरीवर बॉयलरला राबतात. बगॅस म्हणजे उसाचा चोथा ढकलतात, राख काढतात, हळूहळू फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, बघायलाही शिकतात. काम शिकलेली असतात, पण बॉयलरचा नोंदणी क्रमांक, हीटिंग सरफेस, दाब, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काय काम केलं, असं लिहिलेलं अनुभवपत्र त्यांना कुणी देत नाही. कंत्राटदार म्हणतो कारखान्याकडं जा, कारखाना म्हणतो तू आमचा कामगार नाहीस. पाच-सहा सीझन गेले तरी पोरगं कागदावर बिगारीच. माझं पोरांना सांगणं आहे, कामाला लागताना पगाराआधी या पत्राचं बोला.

शिकण्यात नेमकं काय असतं, एक उदाहरण देतो. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, गेज ग्लास. नवीन पोराला मी पहिल्यांदा तिच्यासमोर उभं करायचो. काच पाण्यानं पूर्ण भरलेली असो की पूर्ण रिकामी, लांबून दोन्ही सारखीच दिसते. एकीत बॉयलर तुडुंब आहे, दुसरीत ट्यूबा जळायच्या बेतात. मग खालचा कॉक उघडायचा, पाणी-वाफ सुसाट जाऊ द्यायची, बंद करायचा आणि पाणी किती चटकन वर चढतंय ते बघायचं. संथपणे चढलं तर वाट कुठंतरी चोंदली आहे. आणि पाणी दिसेनासंच झालं तर घाबरून थंड पाणी सोडायचं नाही, आधी जाळ तोडायचा. हे पुस्तकात चार ओळींत आहे. पण वाफेचा आवाज कानाशी घुमत असताना हात न कापता करायला सीझन जातो.

हल्लीची पोरं म्हणतात, काका, आता सगळं डीसीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या कंट्रोलवर आहे, स्क्रीनवर दिसतं. दिसतं ना. पूर्वी 21 किलो, 45 किलो दाबाचे बॉयलर होते, आता को-जनचे, म्हणजे वाफेवर वीजही करणारे, 67, 87, 110 किलोचे आहेत, ते स्क्रीनशिवाय चालणारही नाहीत. पण स्क्रीनला पातळी कळवणाऱ्या ट्रान्समीटरची बारीक नळी चोंदली तर स्क्रीनवर पातळी जिथल्या तिथं थांबते आणि काचेत पाणी उतरत जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून पॅनलवर बसण्याआधी फील्डवर फिरलेलाच ऑपरेटर मला चालतो. मोबाइल चांगला हाताळतो म्हणून पोरगं पॅनलला चांगलं, असं समजणाऱ्या बापांना हे सांगून सांगून माझा घसा बसला.

1984 च्या डिसेंबरात भोपाळला वायुगळतीच्या रात्री टाकीचा दाब 2 पौंडांवरून 10 पौंडांवर गेलेला पाळी बदलल्यावर दिसला होता. तो नेहमीच्या मर्यादेतलाच समजला गेला. उपकरणं बेभरवशाची आहेत अशी आधीपासून सवय होती, माणसं आणि प्रशिक्षण कमी केलेलं होतं. कारणं आणखीही होती. पण आमच्या कामाच्या अंगानं बघितलं तर 2 चे 10 का झाले हे विचारणारा ऑपरेटर लागतो, आणि विचारल्यावर ऐकणारा शिफ्ट इनचार्जही. लॉगशीट भरणं हे क्लार्कचं काम नव्हे, हे कोर्समध्ये शिकवतात का, तेही विचारून घ्या.

आता साखर कारखान्यांच्या मंडळींना एक सांगणं. तुम्ही अ‍ॅप्रेंटिस घेता ते गाळप सुरू झाल्यावर, दिवाळीच्या आसपास, आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की घरी पाठवता. ऑफ सीझनला त्यांचा उपयोग नाही असं तुम्हाला वाटतं. अहो, प्लांट उघडा पडतो तोच तर काळ! इव्हॅपोरेटरच्या ट्यूबांत चढलेला क्षारांचा थर, पॅनची कॅलेंड्रिया म्हणजे आतला तापवणारा ट्यूबांचा भाग, पंपाचा झिजलेला इम्पेलर, बॉयलरचा ड्रम आतून, हे चालू सीझनमध्ये कुणाच्या बापाला दिसतं? रस पुढं का सरकत नव्हता, व्हॅक्युम का पडत होता, याची उत्तरं मे-जूनमध्ये हातानं चाचपता येतात. माझ्या पाळीतला सगळ्यात तरबेज पॅनमन ऑफ सीझनलाच तयार झाला. पुढं तो पॅनमधून नमुना काढायच्या प्रूफ स्टिकवरचा मासक्विट, म्हणजे दाणे धरलेला घट्ट पाक, काचेवर घेऊन दिव्यासमोर धरायचा, दोन बोटांत चोळायचा आणि लॅबचा रिपोर्ट यायच्या आत दाणा कसा बसलाय ते सांगायचा. तेव्हा अ‍ॅप्रेंटिसांना वर्षभर ठेवा, आणि ओव्हरहॉलिंगला नुसता स्पॅनर द्यायला नको, सोबत एक जाणता माणूस द्या.

आपल्या वर्तमानपत्राला विनंती आहे, पुढच्या वर्षी प्रवेशाची पहिली फेरी सुरू होण्याआधी जिल्ह्यातल्या कुठल्या आयटीआयला कुठला ट्रेड आहे, त्याच्या जागा किती आणि अ‍ॅप्रेंटिस घेणारे कारखाने कोणते, एवढी यादी एका पानावर छापावी. आणि कंत्राटी पोरांच्या अनुभवपत्रांचा विषय आपल्या बातमीदारानं एकदा कारखान्यांच्या टाइम ऑफिसात जाऊन विचारावा. माझ्यासारख्या निवृत्ताला तिथं चहा पाजून वाटेला लावतात.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
कळंबा, कोल्हापूर