फवारणीच्या टाकीतले बेनामी द्रव्य

प्रति,
माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : फवारणीत वापरल्या जाणाऱ्या स्टिकर-स्प्रेडरच्या लेबलबाबत

महोदय,

मी निफाड तालुक्यात द्राक्ष आणि कांदा पिकवतो. औषधाच्या दुकानातून मिळणाऱ्या बिलावर शेवटची ओळ बहुधा स्टिकर-स्प्रेडरची, म्हणजे औषध पानाला चिकटावे आणि पसरावे म्हणून त्यात मिसळायच्या द्रव्याची असते, आणि त्या बाटलीत नेमके काय आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

कांद्याला स्टिकरशिवाय भागत नाही, हे आधीच मान्य करतो. पात उभी, नळीसारखी आणि मेणचट असल्यामुळे नुसत्या पाण्यात कालवलेले औषध तिच्यावर गोल थेंब होऊन राहते आणि वाफ्यात घरंगळते. फुलकिडे मात्र पोंग्यात, म्हणजे मधल्या पातींच्या बेचक्यात, सुखरूप असतात. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंब गोल ठेवणारा ताण, मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. चांगल्या सिलिकॉनयुक्त स्प्रेडरने तो वीस-पंचविसावर येतो आणि औषध पातीवर पसरून बेचक्यापर्यंत उतरते. पण हेच द्रव्य मण्यांत पाणी भरू लागल्यावर द्राक्षावर मारले, तर मण्यावरचा पांढुरका मेणाचा थर विस्कटू शकतो, आणि घडाच्या टोकाशी साचलेले पाणी सुकले की डाग उरतात. व्यापारी घड उन्हात फिरवून पाहतो आणि भाव तिथल्या तिथे उतरतो. दोन हंगामांपूर्वी माझ्या बागेत हेच झाले. बाटलीवर ‘सर्व पिकांसाठी, सर्व औषधांसोबत’ एवढेच छापले होते. घटक कोणता, किती टक्के, याचा उल्लेख नव्हता.

निवड करायची तर हीच माहिती लागते. मँकोझेबसारखे स्पर्शजन्य बुरशीनाशक पानावर टिकून राहायला हवे, तर आंतरप्रवाही औषध पानात शिरायला हवे. दोन्हींचे काम एकच द्रव्य सारखेच करील असे नाही. प्रमाण जास्त झाले की पान ओथंबते आणि औषध जमिनीवर जाते. सिलिकॉनयुक्त स्प्रेडर फार आम्ल किंवा फार विम्ल (अल्कधर्मी) पाण्यात विघटित होतो, त्यामुळे आमच्या बोअरच्या पाण्यात कालवून रात्रभर ठेवलेले द्रावण सकाळी कामाचे राहीलच असे नाही. चिकटपणाने औषध पावसात सहज धुऊन जात नाही, हा पावसाळ्यातला फायदा. काढणीच्या तोंडावर मात्र त्यामुळेच अवशेष जास्त दिवस रेंगाळण्याची भीती असते. आता तर ड्रोनने एकरी दहाएक लिटर पाण्यातच फवारणी होते, तिथे जास्त पाण्याच्या फवारणीसाठी दिलेल्या ‘लिटरला अर्धा मिली’ या सूचनेचा अर्थ काय लावायचा?

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली कीटकनाशकाची नोंदणी होते आणि त्याच्या लेबलवर पीक, मात्रा व काढणीपूर्व प्रतीक्षा काळ छापावा लागतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या स्टिकरला तशी नोंदणी लागत नाही. जैवउत्तेजके, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये, २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. स्टिकर मात्र खत नाही आणि कीटकनाशकही नाही, म्हणून मधल्या फटीत राहिले. ज्या युरोपात आमची द्राक्षे जातात, तेथील २००९ च्या नियमनात अशा द्रव्यांना सदस्य देशाची परवानगी लागेल असे स्वतंत्र कलम आहे.

कायद्यात बदल केंद्राच्या हातात आहे, याची जाणीव आहे. राज्याने तसा प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा. पण राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांना बाजारातील स्टिकर तपासून, कोणत्या पिकाच्या कोणत्या अवस्थेत कोणते चालते आणि कोणते टाळावे याची मराठीत यादी छापायला सांगणे, हे राज्याला याच वर्षी करता येईल. गुणनियंत्रण निरीक्षक दुकानात जातातच. त्यांनी औषधासोबत स्टिकर घेण्याची सक्ती होते का, हेही विचारावे.

माझी ती रिकामी बाटली लेबलसह जपून ठेवली आहे. कार्यालयाने मागितल्यास आणून देईन.

आपला नम्र,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष व कांदा उत्पादक