गेमिंग हेडसेटच्या तक्त्यात ‘७.१’चा रकाना कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळी खरेदीसाठी गेमिंग हेडसेटचा तक्ता छापून आला होता. किंमत, रंग, वायरचा की बिनवायरचा, आणि एक रकाना ‘चॅनेल’चा, म्हणजे आवाजाच्या किती वेगळ्या वाटा आहेत त्याचा. कुणापुढे २.०, कुणापुढे ७.१. खाली शिफारस होती की बजेट बसत असेल तर ७.१च घ्यावा. या एका आकड्यापायी चतुर्थीत आमच्या घरचे साडेतीन हजार रुपये गेले. शिवाय आवाज हा माझा धंदा आहे. म्हणून हे पत्र.

कुडाळ तालुक्यात गेली २२ वर्षं मी माईक-स्पीकरचं काम करतो. लग्नं आणि सभा असतातच, पण जीव रमतो तो जत्रांत. कार्तिक लागला की देवळापुढे रात्र-रात्र दशावतार. पेटी, पखवाज, झांज एका अंगाला, नट मध्ये आणि मी कडेला मिक्सर घेऊन. पहाटे तीनच्या सुमाराला एखादा राक्षस प्रेक्षकांच्या मागून आरोळी ठोकत येतो. त्याच्याकडे माईक नसतो, तो माझ्या एकाही स्पीकरमधून बोलत नाही, तरी पेंगणाऱ्या दोन-तीनशे माना एकदम मागे वळतात. डावीकडून की उजवीकडून, पुढून की मागून, हे कुणी कुणाला विचारत नाही. दोन कानांवर एवढं काम होतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की ‘सात स्पीकर’ ऐकलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, कान किती?

माझी मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री अभ्यास आटोपला की मैत्रिणींबरोबर संगणकावर व्हॅलोरंट हा बंदुकांचा खेळ खेळते. मी आधी नाक मुरडायचो, पण एकदा शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं की हा अर्धा खेळ कानांचा आहे. भिंतीपलीकडे समोरच्या संघातल्या कुणाचं पाऊल वाजलं, बंदूक भरल्याचा आवाज कुठून आला, यावर पुढची चाल ठरते. तिने साठवलेल्या पैशांत मी थोडी भर घातली आणि चतुर्थीच्या ऑफरमध्ये शहरातल्या एका दुकानातून हेडसेट आणला. खोक्यावर वीतभर अक्षरांत ‘७.१ सराउंड’. दुसऱ्या दिवशी पोर रडकुंडीला आली. “बाबा, पावलां पाठसून येतत की फुडसून, ताच माका कळना नाय.”

मी पिन हातात घेतली. साधी ३.५ मिमीची पिन, तीन काळ्या कड्या, चार तुकडे. एक तुकडा डाव्या कानाचा, एक उजव्याचा, एक अर्थिंगचा, एक माईकचा. या पिनेतून दोनच आवाज जाऊ शकतात. मग सात दिशांचे सात आणि धमक्याचा आठवा कुठून जाणार? खोक्यात एक चिठ्ठी होती. त्यावरून सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं आणि ते चालू केलं की म्हणे ७.१. चालू केल्यावर ऐकलं तर नुसती घुमक वाढलेली. विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखी पावलं.

मुळात ७.१ हा हिशेब थिएटरचा आणि दिवाणखान्याचा. माणसाभोवती सात स्पीकर आणि फक्त खालच्या सुरांच्या दणक्यासाठी एक वेगळा, तो ‘.१’. तिथे तो खरा असतो, कारण स्पीकर खरोखर पाठीमागे ठेवलेला असतो. हेडसेटमध्ये मात्र बहुतेक वेळा प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो आणि सातांचा आभास संगणक तयार करतो. यूएसबीच्या हेडसेटात वायरीतच छोटं साउंड कार्ड असतं आणि ते संगणकाला ‘मी ७.१ आहे’ असं सांगतं, पण शेवटी तेही सगळं दोन स्पीकरांतच मिसळतं. एकेका कपात तीन-चार छोटे स्पीकर बसवलेले हेडसेटही निघाले आहेत. वजनाला जड आणि एकेक स्पीकर चिमुकला. माझ्या मते त्या पैशांत दोन चांगले स्पीकर घेतलेले बरे.

आभास म्हणजे फसवणूक नव्हे, हेही सांगायला हवं. नीट केलेला आभास फार सुंदर असतो. तो कसा होतो हे मुलीला समजावं म्हणून आम्ही खळ्यात एक प्रयोग केला. तिला डोळे मिटून स्टुलावर बसवलं आणि मी अनवाणी तिच्याभोवती फिरत करवंटीवर करवंटी वाजवू लागलो. तिने दरवेळी अचूक बोट दाखवलं. मग मोदकांची उरलेली गार उकड घेतली आणि तिच्या कानांच्या पाळ्यांतले खळगे-वळ्या भरून टाकल्या, भोक तेवढं मोकळं ठेवलं. आता डावं-उजवं बरोबर येई, पण पुढचं-मागचं चुकायला लागलं. समोर वाजवलं तर ती मागे बोट करी. आजी ओटीवरून ओरडत होती की देवाच्या उकडीचं काय चालवलंय, पण पोरीला जे कळायचं ते कळलं.

दोन कानांत वीतभरही अंतर नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे अगदी कडेने आलेला आवाज दुसऱ्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाने उशिरा पोचतो, आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा दबतो. एवढ्यावर मेंदू डावं-उजवं ओळखतो. पुढचं-मागचं, वरचं-खालचं ठरतं ते पाळीच्या वळ्यांमुळे आवाजात जो बारीक फरक पडतो त्यावरून. गव्हाणी घुबडाचे तर दोन कान एका पातळीतसुद्धा नसतात, म्हणून त्याला मिट्ट काळोखात उंदीर किती खाली आहे तेही ऐकू येतं. हे सगळे फरक मोजून त्यांचं गणित बांधता येतं, त्याला एचआरटीएफ म्हणतात. पाऊल कुठे पडलं हे खेळाला स्वतःला ठाऊक असतं. खेळ हे गणित लावून दोन कानांसाठी दोन आवाज तयार करतो. काम वायरीच्या अलीकडे, संगणकातच पुरं होतं. हेडसेटने फक्त ते दोन आवाज इमानाने कानात पोचवायचे.

व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफचं बटण आहे, काउंटर-स्ट्राइक २ या तसल्याच खेळातही तशी सोय आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये असाच आभास करणारं ‘विंडोज सॉनिक’ फुकट मिळतं. प्लेस्टेशन ५ चा थ्रीडी आवाज तर कंट्रोलरमध्ये पिन खुपसलेल्या कुठल्याही साध्या हेडफोनवर चालतो. पण एका वेळी एकच चालू ठेवायचं. खेळाने एकदा दिशा देऊन मिसळलेल्या आवाजावर हेडसेटचं सॉफ्टवेअर पुन्हा आपली घुमक चढवतं तेव्हा सगळं पुसट होतं. आमच्या घरी तेच झालं होतं. मैत्रिणीला खेळात मुलीभोवती चालायला लावलं आणि मुलीने डोळे मिटून पुढे की मागे ते सांगायचं, असं वीस-वीस वेळा केलं. कंपनीचं ७.१ चालू असताना ११ बरोबर. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. ते बंद करून नुसतं खेळातलं एचआरटीएफ लावल्यावर त्याच हेडसेटवर १५. नंतर माझ्या कामाचा जुना, दोन स्पीकरचा वायरवाला हेडफोन दिला, तेव्हा १७. पुरे वीस कधीच आले नाहीत, कारण ते गणित सरासरी कानाचं असतं आणि प्रत्येकाची पाळी वेगळी. दोन-तीन पर्याय ऐकून आपल्या कानाला कुठला बसतो ते पाहावं लागतं.

दुकानदाराने उघडलेलं खोकं परत घेतलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, उत्तराची वाट पाहतोय.

मग तक्त्यात काय हवं होतं? माझ्या लेखी पहिली गोष्ट, डावा आणि उजवा स्पीकर जुळे आहेत की नाहीत. आम्ही माईकवाले हे असं तपासतो: एकाच माईकवर बोललेला माणसाचा आवाज मोनोत, म्हणजे दोन्ही कानांत तोच एक, लावायचा. तो डोक्याच्या बरोबर मध्यावर ऐकू आला पाहिजे. एका बाजूला झुकला तर तो हेडसेट खाली ठेवायचा, कारण दिशांचं सगळं गणित त्या मध्यावर उभं आहे. मग खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत हळूहळू चढणारा एक आवाज ऐकायचा. तो मध्येच डावीकडे-उजवीकडे भटकला तरी नको. दुकानात दोन मिनिटं लागतात. दुसरं, धमका. ‘डीप बास’ म्हणून जे विकतात त्यात बॉम्ब जोरात वाजतो आणि त्याखाली पाऊल बुडतं. ५० मिमीचा स्पीकर ४० मिमीपेक्षा चांगलाच असतो असंही काही नाही.

फोनवर बीजीएमआय हा बंदुकांचा खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट ठळक छापायला हवी. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज चित्राच्या मागे राहतो, कधी सेकंदाचा पाचवा भागसुद्धा. त्याहून वाईट म्हणजे माईक चालू केला की बहुतेक ब्लूटूथ हेडसेट फोनच्या संभाषणाच्या पद्धतीवर उतरतात आणि दोन्ही कानांत एकच बारीक, मोनो आवाज येतो. मोनो झाल्यावर दिशा कसली उरणार? बिनवायरचाच हवा असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा छोटा डोंगल (यंत्रात खुपसायचा तुकडा) सोबत असलेला घ्यावा, नाहीतर वायर बरी.

आणि आमच्याकडची हवा. हे परीक्षण लिहिणारे सगळे एसीच्या खोलीत बसून लिहितात की काय, असं मला वाटतं. रेक्झिनच्या गाद्या आमच्या दमटपणात दोन पावसाळे काढत नाहीत. पापुद्रे सुटतात आणि काळा चुरा कानाला, गालाला चिकटतो. श्रावणात त्यांच्यावर बुरशी येते. कापडी गाद्या घ्याव्यात, आणि मुख्य म्हणजे बदलता येतील अशा. समुद्राकाठी वेंगुर्ले-मालवणला पिनेवर खारी हवा बसते आणि खरखर सुरू होते, तेव्हा स्पिरिटने पुसावं. मी माझे माईक सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवतो, मुलीचा हेडसेटही आता त्याच डब्यात असतो. उघड्या पाठीचे हेडफोन ऐकायला मोकळे लागतात आणि कानाला घामही कमी येतो, पण पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असताना त्यांत पाऊल ऐकू येणं शक्य नाही आणि आतला आवाजही घरभर जातो. इथे बंद कपच हवेत. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यासकट घालून बघावा. काडीमुळे फट राहिली की खालचे सूर गळतात. आपलाच आवाज कानात परत ऐकवणारी सोय, ज्याला साइडटोन म्हणतात, ती असेल तर घेणाऱ्याचे आई-बाप दुवा देतील. कान झाकले की मुलं नकळत ओरडून बोलतात आणि रात्री अकराला अख्खी वाडी जागी होते.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. माझ्या उजव्या कानात गेली पाच वर्षं सतत बारीक शिट्टी वाजते. भोंग्यांजवळ उभं राहून मिळवलेली. ती औषधाने गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. मुलांसाठी ही मर्यादा ७५ पासूनच सुरू होते. माझ्या स्पीकरांना रात्री १० ते सकाळी ६ साठी नियम आहे, पोलीस येऊन सांगतात. मुलांच्या कानावरच्या स्पीकरला कुणी सांगणारं नाही. बाहेरचा गोंगाट चांगला अडवणारा कप असेल तर आवाज कमी ठेवूनही पाऊल ऐकू येतं, म्हणून कप कानावर घट्ट बसणं मी किमतीच्याही वर धरतो.

दिवाळीला अजून दोन रविवार आहेत. आपल्या पुढच्या पुरवणीत हाच तक्ता पुन्हा छापावा ही विनंती. चॅनेलचा रकाना काढून त्याजागी वजन, गाद्या कशाच्या आणि बदलता येतात की नाही, माईक चालू असताना दोन्ही कानांचा आवाज टिकतो की नाही, आणि साइडटोन आहे की नाही, एवढं द्यावं. ७.१ लिहिलेल्या हेडसेटपुढे ते काम कपातल्या जादा स्पीकरांनी, यूएसबीतल्या साउंड कार्डने की सॉफ्टवेअरने होतं तेवढंच लिहावं. माहिती गोळा करायला माणूस कमी पडत असेल तर जत्रा सुरू होईपर्यंत मी मोकळा आहे. हेडसेट पाठवा, मी आणि मुलगी ऐकून रकाने भरून देऊ.

आपला नियमित वाचक,
एक माईकवाला,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग