वासोटा पदभ्रमण : सहभागी सभासदांसाठी सूचना

येत्या रविवारच्या वासोटा किल्ल्याच्या मोहिमेसाठी नावे दिलेल्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, शनिवारी रात्री साताऱ्यात मुक्काम करून रविवारी सकाळी ७ वाजता बामणोलीच्या धक्क्यावर हजर राहावे. शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडे जायला तास-दीड तास लागतो आणि लाँच पूर्ण गटासाठी एकदाच ठरवलेली असल्याने, उशिरा येणाऱ्यासाठी ती थांबवता येणार नाही.

किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजेच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. त्यामुळे वनखात्याच्या परवानगीसाठी प्रत्येकाने मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. पलीकडच्या चौकीवर पिशव्या उघडून प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून नोंदवल्या जातात, आणि उतरल्यावर तेवढ्याच परत दाखवाव्या लागतात, हे ध्यानात घेऊन बिस्किटांचे पुडे घरीच डब्यात रिकामे करावेत. हा नियम जाचक वाटला तरी जंगल त्यामुळेच स्वच्छ राहिले आहे.

वाट दाट झाडीतून सरळ चढते. या रानात गवे आणि अस्वले आहेत, म्हणून कोणीही एकट्याने पुढे धावू नये किंवा मागे रेंगाळू नये. प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी घ्यावे. गडावरच्या बाबूकडा या उभ्या कड्यावर कठडा नाही. तेथे काठापासून दूर राहावे आणि छायाचित्रांचा मोह आवरावा. अभयारण्यात मुक्कामास मनाई असल्याने दुपारी १ वाजता, जवळच्या नागेश्वर गुहामंदिराला जाण्याचा आग्रह न धरता, सर्वांनी उतरायला सुरुवात करावी.

गुडघ्याचे किंवा दम्याचे दुखणे असल्यास आयोजकांना शुक्रवारपर्यंत कळवावे.