आई-बाबा, मी चाकणलाच थांबतेय

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी 'येते' म्हणून मोकळी झाले असते. म्हणून पत्र. इथल्या कंपनीला हो म्हटलंय. टूल रूममध्ये इन्स्पेक्टर, कायम. सहीसुद्धा झाली.

बाबा, तुम्ही पाठवलेली सगळी कात्रणं वाचली. आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन 2000 बनणार, पहिलं विमान 2028 पर्यंत, सगळं कबूल. पण विमानाच्या कामाला सीएमएमवर, म्हणजे सुट्या भागांची बारीक मापं घेणाऱ्या यंत्रावर, हात बसलेला माणूस लागतो, आणि तो हात मला इथे बसवून मिळतोय. हिंगण्यात काय मिळत होतं? ठेकेदाराची हजेरी आणि दिवसभर गो-नो-गो गेजने नुसतं पास-नापास. इथे गाड्यांचे कारखाने आणि त्यांना माल पुरवणारे इतके आहेत, की एक गेट बंद झालं तर दुसरं शोधता येतं. नागपुरात कामच नाही असं नाही म्हणत मी. बुटीबोरीतल्या जागांवर लक्ष आहे माझं, खरंच.

आई, जेवणाची काळजी नको. डब्यातल्या वरणात गूळ असतो, पण तू दिलेलं भिवापुरी तिखट वरून घेते. उन्हाचा तर प्रश्नच नाही. आमची तपासणीची खोली बारा महिने 20 अंशांवर असते. मीटरभर पोलाद एका अंशाला 11-12 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं आणि इथे भांडण पाच मायक्रॉनवरून होतं. मे महिन्यात स्वेटर घालून बसणारी तुमच्या घरातली मी पहिलीच!

मापाचं व्हर्नियर हातात घेतलं की बाबा, अजून तुमचं ऐकू येतं, "दाबू नको बेटा, माप आपलं आपण येऊ दे." एका दिवाळीला आईचे बेसनाचे लाडू मोजून मी सगळे रिजेक्ट केले होते आणि बाबा, तुम्ही ते रिजेक्शन गंभीरपणे वहीत लिहून घेतलं होतं.

आता ऐका. कूलरच्या ताट्या बदलायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. तर्री-पोहे फक्त रविवारी, तेही साखर तपासून. गुडघ्यासाठी एम्सची तारीख मी काढतेय. खापरीपर्यंत मेट्रोने जा, पुढे ऑटो करा, स्कूटर काढायची नाही. माझी खोली भाड्याने द्यायची तर द्या, मला वाईट वाटणार नाही. फक्त कपाट राहू द्या. आणि आई, बाबा कितीही कुरकुरले तरी तारीख पुढे ढकलू नकोस, रिपोर्टचा फोटो मला त्याच दिवशी पाठव.

तुमची,
छकुली