मोठ्या बाईंनंतर कोण? बालवाडी व कुटुंब केंद्रासाठी आवाहन

गावातल्या, वाडीवाडीतल्या आणि मुंबई-पुण्याला राहून गणपतीला न चुकता घर उघडणाऱ्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

आपल्या केंद्राच्या मोठ्या बाई पुढच्या वर्षीच्या दिवाळीला काम थांबवणार आहेत. एकोणीस वर्षं झाली. वय बासष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, तरी अजून पहिली कडी त्याच काढतात. त्यांच्या जागी पूर्णवेळ पगारी बाई नेमायची आणि पहिलं वर्ष तिने मोठ्या बाईंच्या सोबतीने काम करायचं, असं मंडळाने ठरवलं आहे. या वेळचं मागणं त्या पगारासाठी आहे, हे सुरुवातीलाच सांगतो.

आपलं गाव द्यायला कधीच मागे राहिलेलं नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं. दापोली-मंडणगडात माडपोफळी आडव्या झाल्या, केंद्राचे पत्रे उडून खाली शेतात जाऊन पडले. वीज यायच्या आधी मुंबईकरांचे पैसे आले आणि त्याच पावसात छप्पर चढलं. झोपाळा, भिंतींचा रंग, पाण्याची टाकी, सगळं कोणी ना कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं आहे आणि त्या पाट्या आम्ही मानाने लावल्या आहेत. पगाराची मात्र पाटी लावता येत नाही. म्हणून असेल, पण एकोणीस वर्षांत त्यासाठी कुणी पावती फाडली नाही आणि आम्हीही तोंड उघडून मागितलं नाही. मोठ्या बाई मानधनावर राहिल्या, कारण घरी यजमानांची एस.टी.तली नोकरी होती. नव्या बाईकडून तशी अपेक्षा धरणं अन्याय होईल.

बाई नेमकं काय करतात, हे सांगायला हवं. ‘मुलं सांभाळतात’ एवढंच बऱ्याच जणांना ठाऊक असतं.

सकाळी साडेसहाला केंद्र उघडतं. बंदरावर मासळीचा लिलाव सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी, त्यामुळे बायकांची धावपळ दोन्ही टोकांना. गेल्या महिन्यात मी स्वतः पायरीवर उभा होतो. एक आई डोक्यावर रिकामी टोपली आणि कडेवर झोपलेली मुलगी घेऊन आली. “बाई, रात्रभर आजी तापाने कण्हत होती, ही जागीच.” एवढं बोलून ती उताराला लागलीसुद्धा. बाईंनी मुलीला तशीच अलगद चटईवर ठेवली, फ्रॉकला लागलेली वाळू झटकली नाही, वरून पातळ गोधडी घातली. मग वहीत लिहिलं : ‘रात्री झोप नाही. नऊपर्यंत उठवू नये. उठल्यावर आधी पेज. आजीकडे दुपारी जाऊन येणे.’ आणि दुपारी त्या खरोखर जाऊन आल्या, आजीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवूनच परतल्या.

त्या वह्या आता बावीस झाल्या आहेत. कुणाचे वडील बोटीवर आहेत, कुणाच्या घरी दारू आहे, कुणाला दिवस गेले आहेत आणि तिने सासूला अजून सांगितलेलं नाही, हे सगळं बाईंना माहीत असतं. यातलं वहीत उतरतं ते निम्मं.

बागांतल्या नेपाळी कुटुंबांचंही तसंच. हापूसच्या हंगामाला ती येतात आणि पाऊस पडायच्या सुमाराला जातात. बाळ इथे जन्मलं तर एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद व्हावी म्हणून बाई स्वतः बागेत चढून जातात. कुटुंब निघालं की लसीकरणाच्या कार्डात एक कागद शिवून देतात. पुढची लस कधी, हे त्यावर मोठ्या अक्षरात हिंदीत लिहिलेलं असतं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. एका वर्षी एका बाळाची गोवराची लस अशीच प्रवासात राहून गेली. तेव्हापासून सुईदोरा टेबलाच्या खणात असतो.

आणखी एकच उदाहरण देतो. एक मुलगा हाक मारली की वळायचा नाही. घरचे म्हणायचे, हट्टी आहे. बाईंनी त्याच्या पाठीमागे तांब्यावर चमचा वाजवून पाहिला, आठ दिवस रोज वेगवेगळ्या वेळी. मग आईला घेऊन रत्नागिरीला गेल्या. आज त्याच्या कानामागे मशीन आहे आणि तो पहिलीत आहे. सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ होऊन गेलेली असते, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलेलं आहे. तो मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत ‘हट्टी’ राहिला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अजून बेचैन करतो.

काहींनी विचारलं, अंगणवाडी आहे ना, मग हे कशाला? अंगणवाडी आहे आणि ती असलीच पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना सुरू झाली, तिने पोषण आहार, लसीकरण, तपासणी दाराशी आणली. पण आपल्या सेविकेकडे आहार, नोंदी, मोबाईलवरची माहिती, सर्वेक्षण इतकं काम आहे की लिलावाच्या वेळी ती मुलं घेऊ शकत नाही. आपलं केंद्र त्या आधीचे आणि नंतरचे तास उचलतं. महिन्यातून एकदा सेविका आणि मोठ्या बाई वजनाच्या नोंदी समोर ठेवून बसतात. हे जमलं ते बाईंच्या स्वभावामुळे. तिथे मानापमान आला असता तर दोन्हीकडची मुलं उपाशी राहिली असती.

आता आमची चूक. दोन वर्षांपूर्वी मोठ्या बाईंना विषमज्वर झाला. पाच आठवडे त्या घरी होत्या. दोघी मदतनीस मनापासून राबल्या, पण कुणी काय ठरवायचं हेच ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात दोघींत अबोला. तिसऱ्या आठवड्यात बागेतल्या बायका मुलं पाठवेनाशा झाल्या, कारण त्यांच्याशी हिंदीत चार शब्द बोलायला कुणी नव्हतं. बंदरावरच्या काही आया मुलांना पुन्हा लिलावाच्या गर्दीत, बर्फाच्या गाड्यांमध्ये घेऊन बसू लागल्या. इमारत होती, झोपाळा होता, छप्पर शाबूत होतं. मी कार्यवाह असून बाईंच्या पाठीमागे दुसरं माणूस तयार करण्याचा विचार तोवर केला नव्हता, याची मला खंत आहे.

आपल्याच किनाऱ्यावर हे काम कसं उभं राहिलं ते आठवावं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि त्याच वर्षी अनुताई वाघ तिथे आल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, तोवर अठ्ठावीस वर्षं दोघी बरोबर होत्या. म्हणून अनुताईंना पुढे १९९२ पर्यंत, अखेरच्या दिवसापर्यंत, ते काम नेता आलं. आम्ही अठ्ठावीस वर्षं मागत नाही. एक वर्ष मागतो.

हिशोब असा. नव्या बाईंचा पगार महिना २२,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,६४,००० आणि तीन वर्षांचे ७,९२,०००. सोबतीच्या वर्षातलं मोठ्या बाईंचं मानधन मंडळ फीमधून देईल. फी बेताची आहे आणि जून-जुलैत मासेमारीला बंदी असते तेव्हा बंदरावरच्या घरांकडून ती आपण घेत नाही, पुढेही घेणार नाही. तीनच वर्षं का? बागायतदार आणि बोटमालकांनी हंगामाला ठरावीक वाटा द्यावा, असं बोलणं चालू केलं आहे. अजून कुणी शब्द दिलेला नाही, पण कामाला येणाऱ्या बायकांची मुलं कुठे असतात हा प्रश्न त्यांचाही आहे आणि ते ऐकून घेत आहेत. तेवढा अवधी आम्हाला हवा.

एकदम मोठी रक्कम नको असेल तर दुसरी वाट आहे. ८८ घरांनी महिना २५० रुपये दिले की पगार निघतो. कार्यकारिणीतल्या अकरा जणांनी आपली नावं लिहून दिली आहेत. सत्त्याहत्तर घरं हवीत. हे पैसे वेगळ्या खात्यात राहतील, पगाराशिवाय दुसऱ्या कशालाही त्यातला रुपया वापरला जाणार नाही आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च सूचनाफलकावर लागेल. दोन हजारांवरची देणगी कृपया धनादेशाने किंवा बँकेतून द्या. रोख रकमेवर देणगीची आयकर सवलत मिळत नाही, आणि सवलत हवी असेल तर तुम्ही जुन्या करप्रणालीत असायला हवं, हेही लक्षात ठेवा. पावती प्रत्येकाला मिळेल, अगदी पन्नास रुपयांचीही.

पैशाइतकीच माणसाची गरज आहे. तुमच्या माहितीत अशी कुणी असेल तर कळवा. बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केलेला असावा किंवा अंगणवाडी-बालवाडीत बरीच वर्षं काढलेली असावीत. हिशोब लिहिता यावा, सकाळच्या गाडीने वेळेवर पोचता यावं. कुठल्या जातीची, धर्माची, लग्न झालेली की न झालेली, हे आम्ही विचारणार नाही. निवडीसाठी प्रत्येकीने तीन सकाळी केंद्रात काढायच्या आहेत. निवड समितीत बंदरावरची एक आई आणि बागेतली एक आई असेल, त्यांच्या मताला आमच्याइतकंच वजन राहील. माझं स्वतःचं मत विचाराल तर रडणाऱ्या मुलापेक्षा घाईत निघालेल्या आईशी ती कशी बोलते, ते मी आधी बघेन.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला देवळाच्या सभामंडपात बैठक आहे. मुंबईकरांनी परतीची तिकिटं त्यानंतरची काढावीत, ही विनंती. मोठ्या बाई वह्या घेऊन येणार आहेत. घरोघरचं खासगी असतं ते पान त्या उघडणार नाहीत, बाकी काय हवं ते विचारा.

त्याआधी केंद्र बघायचं असेल तर कधीही या. साडेसहाला आलात तर पायरीवरच चपला काढा आणि हाक मारू नका. आत मुलं झोपलेली असतात.

आपला,
कार्यवाह, बालवाडी व कुटुंब केंद्र