तयार आकडा न देणाऱ्या काकांना

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. तरी ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. इकडे वायोमिंग-कोलोरॅडोत राहणाऱ्या आपल्या ओळखीतली काही मंडळी आता शिकारीचा परवाना काढायचं म्हणताहेत, आणि रायफलची काडतुसं घरी भरण्याबद्दल तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

मी कोल्हापुरात एनसीसीमध्ये .२२ रायफल चालवलेली. पालथं पडायचं, श्वास थांबवायचा, चाप हळू दाबायचा, एवढं अंगात मुरलेलं होतं. .२७० विंचेस्टरचं प्रकरण वेगळं. विंचेस्टरने १९२५ साली मॉडेल ५४ रायफलसोबत आणलेलं हे काडतूस .३०-०६ च्याच घराण्यातलं. त्यातली १३० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ३,०६० फूट वेगाने सुटते. २०० यार्डांवर नेम बांधला तर ३०० यार्डांवर ती सहा-साडेसहा इंचच खाली येते. वायोमिंगमधल्या आमच्या शायेनच्या बाहेर मैलोन्‌मैल सेजब्रशची झुडपं सोडून आडोसा नाही. तिथे म्यूल डिअर या हरणासाठी लोक अशी सपाट मारणारी रायफल का घेतात ते वेगळं सांगायला नको.

रायफल घेतली आणि तुमच्याकडे आले, ‘काका, तुम्ही यात किती दारू भरता?’ असं विचारायला. तुम्ही आकड्यांची वही मिटलीत. म्हणालात, “माझ्या नळीचा आकडा तुझ्या नळीला चालेलच असं नाही. आधी तीन गोष्टी सांग. हरणावर जवळात जवळ किती अंतरावरून गोळी झाडशील, लांबात लांब किती, आणि मटण कोण खाणार?”

काका, माझे खरे आभार या नकाराचे आहेत. तुम्ही आकडा दिला असतात तर मी तो भरून मोकळी झाले असते. तो आकडा का, हे मला कधीच कळलं नसतं.

पहिल्या दोन प्रश्नांतून गोळी ठरली. वेगवान रायफलची गोळी दोन टोकांना सापडते. दरीच्या काठावर हरीण अचानक साठ यार्डांवर उभं राहिलं तर ती जवळजवळ २,९०० फुटांच्या वेगाने खांद्याच्या हाडावर आदळते. मऊ शिशाची, पातळ कवचाची गोळी तिथे वरच्यावर फुटू शकते. जखम मोठी पण उथळ होते आणि जनावर तडफडत लांब जातं. तीच गोळी ३०० यार्डांवर पोचेपर्यंत वेग साधारण २,४५० वर आलेला असतो, आणि तिथेही ती उमलायला, म्हणजे पुढून फुलून रुंद व्हायला हवी. एकाच गोळीने जवळ टिकायचं आणि लांब उमलायचं. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसवर (मोठ्या हरणावर) जॉन नॉस्लर यांच्या वेगवान गोळ्यांनी दगा दिला, त्यातून त्यांनी मधे तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी घडवली, ही हकीकत तुम्ही सांगितलीत. सांगताना जुन्या गोळीचा उभा छेद माझ्या तळहातावर ठेवलात, पुढचं शिसं, मधली भिंत, मागचं शिसं. ते बोटाने चाचपल्यावर पुढचं सगळं बोलणं मला समजायला लागलं.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र निर्णय फिरवला. मटण घरातली लहान मुलं खाणार होती. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात विखुरतात, एक्स-रेमध्ये ते दिसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मागे उरलेली आतडी खाऊन गरुडांनाही शिशाची बाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. वायोमिंगमध्ये अशी सक्ती नाही, पण आपल्या ताटात काय येतं ते आपण ठरवायचं, हे तुमचं म्हणणं मला पटलं. म्हणून संपूर्ण तांब्याची गोळी घेतली. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये एक्स-बुलेट बाजारात आणली, तेव्हापासून या गोळ्या बऱ्याच सुधारल्या आहेत. तांब्याच्या गोळीला उमलायला वेग लागतो आणि तो .२७० कडे भरपूर आहे. वेगवान रायफलचा वेग इथे खरा उपयोगी पडतो, हे मला तुमच्याकडेच पहिल्यांदा नीट उमगलं.

तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, काडतुसाच्या पितळी पुंगळीत खोल बसते आणि दारूची जागा खाते. म्हणून किती दारू भरायची याचा १३० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचा तक्ता १३० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला लावायचा नाही. गोळी बनवणाऱ्याचा स्वतःचा तक्ता उघडायचा, त्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि पायरी पायरीने वर जायचं. तुम्ही हे इतक्यांदा म्हणालात की आता ते मला झोपेतही म्हणता येईल.

आणि दारूचे डबे! हा भाग वाचणाऱ्यांनी नीट वाचावा. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१, आकडा तोच, दारू वेगळी. हॉजडन कंपनीची एच ४८३१ हळू जळते. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली तोफेची दारू ब्रूस हॉजडन यांनी विकत घेऊन शिकाऱ्यांना विकली, तिथून तिचा वारसा येतो. .२७० सारख्या मोठ्या पोटाच्या, अरुंद तोंडाच्या पुंगळीला अशी सावकाश जळणारी दारूच मानवते. आयएमआर त्याच आकड्याची असूनही जलद जळते. एच ४८३१ च्या तक्त्यातला वरचा भार, म्हणजे दारूचं वजन, आयएमआरचा भरला तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. .२७० ची ठरलेली मर्यादाच चौरस इंचाला ६५,००० पौंड आहे, त्यापुढे काय होईल याचा प्रयोग करायचा नसतो. टेबलावर एका वेळी एकच डबा, काम संपलं की दारू त्याच डब्यात परत, लेबल नसलेली दारू कधीच वापरायची नाही. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाची ही शिस्त. व्हर्नियरने प्रत्येक पुंगळीची लांबी मोजताना तुम्ही कधी गप्पा मारल्या नाहीत, मलाही मारू दिल्या नाहीत.

नेमबाजीच्या मैदानावरचे दिवस सगळे आठवत नाहीत, पण तुमचं लक्ष कुठे होतं ते आठवतं. मी वेगमापकाकडे बघायचे, तुम्ही झाडलेल्या पुंगळीच्या बुडाकडे. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा झाला का, बुडावर चकाकता ठसा उमटला का, रायफलचा बोल्ट उचलायला जड जातोय का, या दाब वाढल्याच्या खुणा. हवा तापली की थांबायचं, काडतुसं उन्हात ठेवायची नाहीत, कारण उष्णतेने दाब वाढतो. ऑक्टोबरच्या थंडीतल्या शिकारीसाठी जुळवलेला भार जुलैच्या दुपारीही सुरक्षित असला पाहिजे.

तक्त्यातल्या कमाल वेगापेक्षा साधारण शंभर फूट कमी वेगाला माझ्या रायफलने सर्वांत घट्ट गट दिला. १०० यार्डांवर तीन गोळ्या इंचभरात. वर अजून जागा होती. तेव्हा तुम्ही कागदावर हिशेब मांडून दाखवलात. २०० यार्डांचाच नेम ठेवला तर त्या शंभर फुटांनी ३०० यार्डांवर अर्ध्या इंचाचाच फरक पडतो, आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिथेच गोळीला पाच-सहा इंच बाजूला नेतो. “वारा वाचायला शीक, वेग पुरेसा आहे,” एवढं बोलून तुम्ही चहा ओतलात. सपाट मारणारी रायफल घेणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा असं मला मनापासून वाटतं. हरणाच्या छातीत नेमायची जागा आठ-दहा इंचांची. तिथे गोळी नेणं अचूकपणाचं आणि वाऱ्याच्या अंदाजाचं काम आहे.

हंगामात तसंच झालं. नर दीडशे यार्डांच्या थोडा पुढे आडवा उभा होता. गोळी खांद्यामागून दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेली, तो थोडा धावला आणि पडला. सोलताना खांद्याचं मांस जवळजवळ सगळं स्वच्छ निघालं. त्याचं कांदा-लसूण मसाला घालून केलेलं सुक्कं तुमच्याकडे पोचलंच. काकूंनी मीठ थोडं कमी आहे म्हटलं, पुढच्या वेळी बघते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. त्यामुळे गावाकडची माणसं मला विचारतात, तुला हे कसं जमतं. मी त्यांना सांगते की इथे बऱ्याच परवान्यांची संख्या ठरलेली असते, १९३७ पासून रायफल आणि काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांसाठी पैसा येतो, आणि खाण्याजोगं मांस टाकून देणं हा गुन्हा आहे. मग तुमचं नाव न घेता तुमचे तीन प्रश्न सांगते. बहुतेकांना तिसरा प्रश्न ऐकल्यावर पटतं.

काका, तुमची वही अजून मी उघडून पाहिलेली नाही, आणि आता तिची गरजही वाटत नाही. माझी स्वतःची झाली आहे. त्यात गोळी, दारू, प्रायमर, पुंगळीची लांबी, तापमान, वारा, सगळं तुमच्यासारखंच रकाने पाडून लिहिते.

एक विनंती आहे. ओळखीतली दोन मुलं यंदा पहिल्यांदा परवाना काढताहेत. एकाने .२५-०६ रेमिंग्टन रायफल घेतली आहे आणि ‘किती भरायची’ हेच विचारतोय. मी त्याला आकडा दिलेला नाही. पुढच्या शनिवारी सकाळी दोघांना घेऊन तुमच्याकडे आले तर चालेल का? नाश्त्याचं मी बघते, काकूंना काही करू देऊ नका.

आपली,
शायेनमधली तुमची विद्यार्थिनी